वरचा समास

मदरशाच्या वाचनालयामागे एक लांबट खोली आहे. त्या खोलीत छत्तीस वर्षं एकच माणूस पुस्तकं बांधत आला. त्याच्या हातांना कायम खळीचा वास यायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याचं नाव खळचाचा ठेवलं. पुढे सगळेच तसं म्हणू लागले, मौलवीसुद्धा आणि हिशेबनीससुद्धा. चाचांना त्याचा राग नव्हता. ते म्हणायचे, "बाकीच्यांच्या अंगाला अत्तराचा वास येतो आणि दुपारपर्यंत उडून जातो. माझा टिकाऊ आहे."

माणूस हाताचा पक्का. जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे फर्मे दोऱ्याने शिवणं, करावी तर चाचांनीच. फर्म्याला फर्मा असा शिवतील की पुस्तक उघडल्यावर सपाट पडून राहावं, मध्येच मिटू नये. खळ स्वतः शिजवायची, तीत मोरचूद घालायचं म्हणजे वाळवी फिरकत नाही. बोलणं मात्र बेताचं. घरी त्यांची बायको म्हणायची, "दिवसभर पुस्तकं शिवता ते शिवता, येताना तोंडही शिवून येता की काय?" चाचा हसायचे आणि जेवायला बसायचे. बायकोला वाटायचं, स्वभावच तसा आहे. स्वभाव तसा नव्हता. तरुणपणी चाचा चांगले बोलके होते. एका पुस्तकानंतर ते गप्प झाले.

ते पुस्तक मदरशाच्या वरच्या वर्गांचं होतं. फार जुनं, हाताने लिहिलेलं. पहिला अर्धा भाग नमाजाच्या वेळांचे नियम सांगायचा. दुसरा अर्धा भाग सावलीचं गणित शिकवायचा: काठी किती उंच, सावली किती लांब, सूर्य कुठे, त्यावरून वेळ कशी काढायची. दोन्ही एकाच कव्हरात. त्या काळी मदरशाचे मुख्य शिक्षक होते मोठे उस्ताद. ते सकाळी वर्गात नियम शिकवायचे आणि दुपारी त्याच मुलांना अंगणात काठी रोवून सावली मोजायला लावायचे. कुणी तक्रार केली की, "उस्ताद, हे गणित आहे, आम्ही तर दीन-धर्म शिकायला आलोय," तर ते विचारायचे, "मग वेळ कुणाला विचारून नमाज पढणार आहेस? शेजाऱ्याला?"

उस्ताद सावलीच्या गणितात कधी अडत. मग ते पुस्तक रस्त्यापलीकडे जाई. पलीकडे एक साधी शाळा होती, तिथले गणिताचे मास्तर दुसऱ्या धर्माचे. मास्तरांना नियमांत शंका यायच्या, उस्तादांना आकडेमोडीत. दोघंही भिडस्त. तासन्‌तास गप्पा मारत बसणं दोघांना जमायचं नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. मास्तर त्यांच्या लिपीत पानाच्या वरच्या समासात प्रश्न किंवा दुरुस्ती लिहायचे, उस्ताद खालच्या समासात आपल्या लिपीत उत्तर द्यायचे. एकमेकांची लिपी दोघांनी त्यापायीच शिकून घेतली होती. अशी एक्केचाळीस पानं भरली. चौदा वर्षं ते पुस्तक रस्ता ओलांडत राहिलं, आणि शेवटची चार वर्षं ते नेण्या-आणण्याचं काम चाचांकडे होतं.

चाचांना ते काम आवडायचं. मास्तर त्यांचेही मास्तर होते. लहानपणी चाचा त्याच शाळेत चार इयत्ता शिकले होते आणि अपूर्णांकांवरून त्यांचा कान मास्तरांनी बरेचदा पिरगाळला होता. पुस्तक घेऊन गेलं की मास्तर विचारायचे, "काय रे, तीन अष्टमांश म्हणजे किती?" लग्न झालेल्या माणसाला हा प्रश्न! चाचा वाटेतच वाचून घ्यायचे, या वेळी कुणी काय लिहिलंय ते. दोन्ही लिप्या वाचणारे गावात तिघेच, आणि त्यांतला तिसरा आपण, याचा त्यांना छुपा अभिमान होता.

मग ते वर्ष आलं. गावात कसल्याशा भांडणावरून दगडफेक झाली, आठवडाभर दुकानं बंद राहिली. कोणी मेलं नाही, पण लोक एकमेकांना टाळून चालू लागले. मधला रस्ता होता तेवढाच रुंद होता, तरी ओलांडताना माणूस आधी दोन्हीकडे बघायचा, आपल्याला कोण बघतंय म्हणून. त्याच दिवसांत, एका गुरुवारी, उस्तादांनी अंथरुणावरून चाचांच्या हातात पुस्तक दिलं. ते आजारी होते, आवाज खोल गेला होता. म्हणाले, "आजच पोचव. त्यांना उत्तर हवंय."

चाचांनी खोलीत येऊन पान उघडलं. वर मास्तरांनी लिहिलं होतं: "माझी नोकरी या वर्षी संपते. तुमच्या वरच्या वर्गांना सावलीचं गणित शिकवायला मी आलो, तर तुमच्या लोकांना चालेल का? नाही म्हणालात तरी वाईट वाटणार नाही." खाली उस्तादांचं वेडंवाकडं, थरथरतं अक्षर: "आमच्या लोकांचं मी बघतो. तुम्ही सोमवारी या. खडू आणू नका, इथे आहेत."

चाचा दारापर्यंत गेले. समोर नाक्यावर पाच-सहा जण उभे होते, आपलेच लोक. हातात पुस्तक घेऊन त्यांच्यादेखत पलीकडे जायचं चाचांना धाडस झालं नाही. त्यांनी ठरवलं, उद्या जाऊ. शुक्रवारी मशिदीसमोर गर्दी होती, म्हणून शनिवारी. शनिवारी दुपारी उस्ताद गेले.

जनाज्याला मास्तर आले होते. रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या मागे उभे होते. चाचांनी पाहिलं आणि मान खाली घातली. तो सोमवार तसाच गेला. चाचांनी मनाची समजूत घातली, की आता उस्तादच नाहीत तर कुठलं शिकवणं आणि कुठला सोमवार.

उस्तादांच्या जागी नवे नाजिम आले, म्हणजे सगळा कारभार बघणारे. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. त्यांना सगळं वेगवेगळं हवं असायचं. दीनाची पुस्तकं हिरव्या कापडात, पहिल्या खोलीत. दुनियेची पुस्तकं तपकिरी कापडात, मागच्या खोलीत. हे जुनं पुस्तक त्यांच्या हातात आलं तेव्हा त्यांनी दोन्ही भाग चाळले आणि म्हणाले, "याचे दोन करा." एवढंच म्हणाले. चाचांना तो आवाज आजही जसाच्या तसा आठवतो, कारण त्या तीन शब्दांचा आडोसा घेऊन त्यांनी पुढची बत्तीस वर्षं काढली.

दोन करायचे म्हणजे शिवण उसवायची, फर्मे वेगळे करायचे, पुन्हा शिवायचं आणि कडा सारख्या करायच्या. कडा सारख्या करायला दोराभर कागद कापला तरी पुरतं. चाचांनी दोन बोटं कापला. वरून दोन बोटं, खालून दोन बोटं. कातरयंत्राचा दांडा ओढला आणि मास्तरांचे एक्केचाळीस प्रश्न एका बाजूला पडले, उस्तादांची एक्केचाळीस उत्तरं दुसऱ्या बाजूला. हे करायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. नाजिमांनी समास पाहिलेसुद्धा नव्हते. चाचांना भीती होती, की उद्या समितीतला कुणी पान उघडून विचारील, आपल्या पुस्तकात यांचं अक्षर कसं आलं, आणि कुणी आणून दिलं?

मदरशाची एक जुनी रीत आहे. ज्या कागदावर पवित्र लिपीतली अक्षरं आहेत, तो कागद कितीही फाटका असो, पायदळी जाऊ द्यायचा नाही. अशा तुकड्यांसाठी चाचांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. ती भरली की स्वच्छ जागी खड्डा खणून सगळं अदबीने पुरायचं. चाचांनी रीत पाळली. खालच्या पट्ट्या उचलल्या, कपाळाला लावल्या, सुतळीने बांधल्या आणि पेटीत ठेवल्या. वरच्या पट्ट्या टोपलीत गेल्या. टोपलीतला कागद रोज शेगडीत जायचा. त्या संध्याकाळी खळ शिजली ती मास्तरांच्या प्रश्नांवर, आणि त्याच खळीने हिरवं कव्हर चिकटलं आणि तपकिरीही.

तसं बघायला गेलं तर उस्तादांनी एकदा याच खोलीत, जमिनीवर पडलेला मास्तरांच्या लिपीतला एक चिटोरा वाकून उचलला होता आणि स्वतः पेटीत टाकला होता. चाचा म्हणाले होते, "उस्ताद, ते आपलं नाही." उस्ताद म्हणाले होते, "लिहिलेलं आहे ना?" आणि निघून गेले होते. म्हणजे चाचांना कुणी शिकवलं नव्हतं, असंही म्हणायला जागा नाही.

दीड महिन्याने मास्तर वाचनालयाच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "पुस्तक आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"बांधायला काढलंय, मास्तर."

"त्यात उस्तादांनी शेवटी काही लिहिलं होतं का? तुझ्या बघण्यात आलं?"

"नाही बघितलं," चाचा म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. तीन अष्टमांश म्हणजे किती, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. पुढे ते नऊ वर्षं जगले. घराच्या पायरीवर बसून गल्लीतल्या पोरांना पाढे शिकवायचे. चाचांच्या घरी जायचा सरळ रस्ता त्या पायरीवरून होता. चाचा नऊ वर्षं मागच्या बोळाने गेले, चिखल तुडवत. बायको विचारायची, "बरा रस्ता सोडून या बोळात काय पुरून ठेवलंय?" मास्तर गेल्यावर चाचा पुन्हा पुढच्या रस्त्याने जाऊ लागले. मास्तरांची मयत मात्र त्यांनी खिडकीतून पाहिली.

पेटी त्या काळात चार वेळा भरली आणि चार वेळा पुरली गेली. सुतळीचं ते पुडकं चाचांनी दर वेळी बाहेर काढून ठेवलं. ते पुरायला त्यांचा हात धजावला नाही, आणि कुणाला दाखवायलाही.

बत्तीस वर्षं गेली. नाजिम गेले, त्यांच्यानंतरचेही गेले, आणि आता एक तरुण प्राचार्य आले. त्यांना वेगवेगळं ठेवलेलं सगळं पुन्हा एकत्र करायचं होतं. वरच्या वर्गांसाठी नवा अभ्यासक्रम आखला: धर्मशास्त्रासोबत गणित, विज्ञान, शेजारधर्मांची ओळख. गणिताला त्यांनी एक बाई नेमल्या, त्या दुसऱ्या धर्माच्या. काही लोक कुरकुरले, प्राचार्यांनी दाद दिली नाही. मग जुन्या यादीत त्यांना त्या पुस्तकाची नोंद सापडली, एका कव्हरात दोन भाग असलेली. ते धावतच मागच्या खोलीत आले. "चाचा, आपण जे आज करतोय ते इथे आधीच होत होतं! कुठे आहे हे पुस्तक?"

चाचांनी हिरवं पुस्तक काढून दिलं, तपकिरी काढून दिलं. आणि का कोण जाणे, कदाचित निवृत्तीला दोनच महिने उरले होते म्हणून, सुतळीचं पुडकंही पुढे केलं.

प्राचार्यांना काय करू आणि काय नको असं झालं. मोठ्या उस्तादांचं हस्ताक्षर! एक्केचाळीस पट्ट्या! "तुम्ही सांभाळलंत, चाचा. बत्तीस वर्षं!" त्यांनी चाचांना मिठी मारली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की नव्या वर्गाच्या उद्घाटनाला चाचांचा सत्कार करायचा. चाचा म्हणाले, "साहेब, सत्कार नको." प्राचार्यांना तो विनय वाटला. चाचांना रात्ररात्र झोप येईना.

पट्ट्या पानांना जुळवायचं काम गणिताच्या बाईंकडे आलं. त्या चाचांच्याच टेबलावर बसून जुळवायच्या. कापलेल्या अक्षराची शेपटी पानावर राहिली असेल तर तिच्यावरून जागा ठरवायच्या. बाई उस्तादांची लिपी लहानपणीच शिकल्या होत्या. चाचांनी विचारलं, "तुम्हाला ही कशी येते?"

"आजोबांनी शिकवली. समोरच्या शाळेत मास्तर होते ते."

चाचांनी दाभण खाली ठेवलं.

बाई वाचत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मान वर केली. "चाचा, ही सगळी उत्तरं आहेत. बघा ना. 'हो, तुमचंच बरोबर.' 'नाही, इथे सवलत प्रवाशाला आहे, आळशाला नाही.' कुणाला तरी दिलेली उत्तरं आहेत. प्रश्न कुठे आहेत?"

"मला काय ठाऊक," चाचा म्हणाले. त्यांच्याच कानांना ते ओळखीचं वाटलं.

"आणि ही शेवटची तर कळतच नाही. 'तुम्ही सोमवारी या. खडू आणू नका.' कोण यायचं होतं?"

प्राचार्य हसून म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याला लिहिलं असेल. चाचा उठून बाहेर नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

त्या दिवशी निघताना बाई सहज बोलून गेल्या, "आजोबांनी या मदरशाला एकदा काहीतरी विचारलं होतं म्हणे. उत्तर आलंच नाही. आजी चिडायची, तर आजोबा म्हणायचे, उस्तादांना नाही म्हणणं जड गेलं असेल, म्हणून गप्प राहिले, भला माणूस होता. शेवटपर्यंत उस्तादांचीच बाजू घ्यायचे."

घरी चाचांनी ताटावरून हात काढून घेतला आणि बायकोला सगळं सांगितलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती थट्टा करायची विसरली. म्हणाली, "म्हणून बोळातून जात होता तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "अहो, ते घड्याळ घेऊ नका हं." सत्काराला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं.

उद्घाटन वाचनालयातच झालं. विद्यार्थी, मौलवी, समोरच्या शाळेतले शिक्षकही आले होते. काचेखाली दोन्ही पुस्तकं आणि पट्ट्या मांडल्या होत्या. प्राचार्यांनी सलोख्यावर भाषण केलं, मनापासून केलं. मग चाचांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "आमच्या चाचांनी हे वाचवलं."

"नाही," चाचा म्हणाले. "मी ते कापलं."

लोकांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. एकदोघं हसलेही. चाचांनी माइक नको म्हणून हाताने बाजूला केला आणि सरळ बाईंकडे बघून बोलले. गुरुवारपासून सगळं सांगितलं: नाक्यावरची माणसं, उद्या जाऊ म्हणणं, कातरयंत्र, पेटी, टोपली, शेगडी. "मला दोन भाग करायला सांगितलं होतं. समास कापायला कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर कुणाचं ते मला ठाऊक होतं. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांचंच होतं. ते दारात येऊन विचारून गेले, तेव्हा उत्तर माझ्यामागे पेटीत होतं, चार पावलांवर. मी नाही बघितलं म्हणालो." मग त्यांनी शेवटचा प्रश्न तोंडपाठ म्हटला, शब्द न चुकता, 'नाही म्हणालात तरी वाईट वाटणार नाही' इथपर्यंत.

बाई काचेजवळ गेल्या. ती शेवटची पट्टी त्यांनी पुन्हा वाचली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"मला माफ करा," चाचा म्हणाले.

"माझ्याकडे नका मागू, चाचा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तेव्हा तीन वर्षांची होते."

घड्याळ कुणी दिलं नाही, कुणी मागितलं नाही. आठवडाभर बाई मागच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. काही विद्यार्थी चाचांना सलाम करायचे थांबले. एक मौलवी म्हणाले, एवढं सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? चाचांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि हलकंही वाटत नव्हतं. सांगितल्यावर हलकं वाटतं असं त्यांनी ऐकलं होतं.

आठव्या दिवशी बाई आल्या, हातात ती दोन्ही पुस्तकं. "याचं एक करायचंय. प्राचार्यांना विचारलंय मी."

"करतो."

"खालच्या पट्ट्या जिथल्या तिथे लावा. आणि वर नवा कागद जोडा, दोन बोटं. एक्केचाळीस पानांना."

"त्यावर काय असेल?"

"तुम्हाला किती प्रश्न आठवतात?"

चाचांनी डोळे मिटले. चार वर्षं ते रस्त्याने वाचत जायचे, प्रत्येक ओळीची मजा घ्यायचे. आता बोटांवर मोजून बघितले तर एक प्रवासाच्या सवलतीचा, एक ढगाळ दिवशी सावली कशी मोजायची तो, आणि शेवटचा. "तीन," ते म्हणाले.

"तेवढे लिहा. बाकीचे कोरे राहू देत. अंदाजाने भरू नका."

चाचांनी ते काम महिनाभर केलं, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तीन ठिकाणी मास्तरांच्या लिपीत लिहिलं. अक्षर चौथीतल्या पोरासारखं आलं, कारण त्यानंतर ती लिपी त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. अडतीस ठिकाणी वर कोरा कागद आणि खाली उत्तर. 'हो, तुमचंच बरोबर.' काय बरोबर होतं, ते आता जगात कुणालाही ठाऊक नाही. कातरयंत्राला त्यांनी हात लावला नाही. कडा वरखाली राहिल्या.

त्या शेवटच्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाई पुस्तक न्यायला आल्या. वरच्या वर्गाचा सावलीच्या गणिताचा पहिला तास होता. त्यांनी कडांवरून बोट फिरवलं, शेवटचं पान उघडून पाहिलं आणि पुस्तक मिटलं. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या.

"वर्गात खडू आहेत ना, चाचा?"

"आहेत," चाचा म्हणाले.